पाऊण टाकीचा चोर

तंजावूरच्या आमच्या मराठी समाजाने आजवर आपला एकही ठराव मागे घेतलेला नाही, असं आमचे अध्यक्ष दर वार्षिक सभेत, उजवा हात छातीशी धरून सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, ही परंपरा थेट राजवाड्यातल्या दरबारापासून चालत आली आहे. प्रत्यक्षात समाजाची नोंदणी माझ्या डोळ्यांदेखत झाली, आणि ठराव म्हणाल तर दहांतले नऊ कुणाच्या ना कुणाच्या सत्काराचे. सत्कार मागे घेणार कसा? शाल माणसाने घरी नेलेली असते.

तरीही दोन ठराव आम्ही मागे घेतले. ते घ्यायला लावणाऱ्या माणसाचं नाव सेतुराव. तिरुवैयारूच्या रस्त्याला लागून वेण्णार नदीचा पूल ओलांडला की डाव्या हाताला पत्र्याची एक शेड होती. तिथे ते डिझेल गाड्या दुरुस्त करत. बुटके, रुंद खांद्यांचे, लुंगी गुडघ्यावर दुमडलेली. सकाळी कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ असे. दुपारपर्यंत तिच्या शेजारी ग्रीसची दुसरी उमटे, आणि संध्याकाळी कुठली कोणती ते सांगता येत नसे.

त्यांच्या शेडचा एक नियम होता. गाडीच्या मालकाला आत प्रवेश नाही. शेडबाहेर चिंचेचं झाड, त्याखाली एक बाकडं. "मालक चिंचेखालीं. गाडी कोण चालवतो, तो आंत," एवढंच ते बोलत आणि पाठ फिरवत. भाताच्या गिरणीचे एक मालक तिथे दीड तास बसले होते. पोलिसांच्या जीपबरोबर आलेल्या साहेबांनाही त्यांनी चिंच दाखवली आणि शिपाई-ड्रायव्हरला आत घेतलं. कारण विचारलं तर म्हणत, "मालकाला गाडीचा नंबर ठाऊक असतो. तिचें दुखणें ड्रायव्हराला." त्यांचं मराठी आमच्या सगळ्यांच्या घरचंच, पुण्याच्या पाहुण्यांना ऐकून गंमत वाटते तसं: शब्द जुने, चाल तमिळ. मी ते इथे शक्य तितकं जसंच्या तसं ठेवलं आहे.

मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि लगेच समाजाचा चिटणीस झालो. माझ्या कर्तबगारीमुळे नव्हे. आमच्यात मराठी बोलतात सगळे, पण शाळा तमिळ आणि इंग्रजी, त्यामुळे देवनागरी वाचणारे फार थोडे. समितीतल्या सात जणांत ती मला एकट्याला येते. सभांचं इतिवृत्त मात्र देवनागरीतच झालं पाहिजे, हा अध्यक्षांचा आग्रह. मी लिहितो, आणि बाकीचे सहा जण आपण काय ठरवलं ते न वाचता त्याखाली इंग्रजीत सही करतात.

समाजाला एक डिझेल पिकअप देणगी म्हणून मिळाली होती. अन्नदानाची पातेली, सतरंज्या, माइकचे खांब असं सामान उत्सवांना तिरुवैयारूला नेण्यासाठी. तिच्या उद्घाटनाला नादस्वरम् वाजलं, सोळा नारळ फुटले, आणि गाडी चालली त्याहून जास्त वेळ भाषणं चालली. पुढच्या महिन्यात अध्यक्षांनी तिला स्टेनलेस स्टीलची चार फुटी पाटी बसवून घेतली. हौद्याच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, एका लोखंडी पट्टीवर बोल्टांनी आवळलेली. पाटीवर समितीची सातही नावं, मानाच्या क्रमाने. माझं सातवं. त्या पाटीला मी विरोध केला असता तर आज हे लिहिताना बरं वाटलं असतं. मी फक्त माझ्या आडनावातली चूक दुरुस्त करून घेतली.

डिझेलची टाकी त्या पाटीच्या मागे होती.

ड्रायव्हर सेल्वम. चार वर्षं आमच्याकडे होता. पस्तिशीचा, कमी बोलणारा तमिळ माणूस. गाडी वळवताना मागच्या पातेल्यातलं सांबार हलू नये इतक्या हळुवार हाताचा. अध्यक्षांचा दंडक असा की उत्सवाला निघताना टाकी काठोकाठ भरलेली हवी. अर्ध्या टाकीने देवकार्याला जाणं म्हणजे रिकामा कलश घेऊन उभं राहणं. तशी ती भरली जाई, गाडी तिरुवैयारूला जाऊन येई, जेमतेम पंचवीस किलोमीटर, आणि काटा पाऊणवर आलेला असे. एकदा झालं, दोनदा झालं, पाचव्यांदा झालं तेव्हा सभा बोलावली.

समितीने तपास केला. तपास म्हणजे उपाध्यक्षांनी गाडी उभी असते तिथली सिमेंटची जमीन वाकून पाहिली. कोरडी होती. थेंब नाही म्हणजे गळती नाही. गळती नाही म्हणजे चोरी. चोरी म्हणजे ड्रायव्हर. एवढ्या तर्काला आम्हाला दहा मिनिटं लागली, त्यात कॉफी आली. सेल्वमला चोरीच्या कारणावरून कमी करावं, असा ठराव झाला. मी आयुष्यभर पोरांना शिकवत आलो की पुरावा कशाला म्हणतात. तो ठराव मी सुवाच्य अक्षरात लिहिला.

सेल्वम दाराबाहेर उभा होता. त्याला तमिळमध्ये सांगितलं. त्याने आवाज चढवला नाही. "सार," तो मला म्हणाला, "चोर म्हणून काढलंत तर या गावात माझ्या हातात चावी कोण देणार?" प्रश्न बरोबर होता. अध्यक्षांनी सभा संपवायला राष्ट्रगीत सुरू केलं. दुसऱ्या दिवशी व्हॅन स्टँडवर त्याचे सोबती विचारत होते, "काय सेल्वम, आज किती लिटर प्यालास?"

तो सेतुरावांकडे गेला. आणि सेतुरावांचा मला फोन आला.

"वाध्यारे, गाडी घेऊन या." शिकवणारा म्हणून ते मला तमिळ पद्धतीने वाध्यार म्हणत. "आणि तुमच्या राजाला पण आणा."

अध्यक्ष लगेच तयार झाले. चोरीवर तज्ज्ञाचा शिक्का बसणार, अशी त्यांची समजूत होती. जरीचं अंगवस्त्र घेऊन ते आले, आणि सेतुरावांनी त्यांना चिंच दाखवली. मला पण. आम्ही दोघे बाकड्यावर बसलो; सेल्वम आधीच आत होता. आतलं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. सेल्वमशी सेतुराव तमिळमध्ये बोलत; ते त्याला तंबी म्हणत, म्हणजे धाकट्या भावा, आणि तो त्यांना अय्या, म्हणजे साहेब.

"तंबी, टाकी कधी भरतोस?"

"सकाळी, अय्या. काठोकाठ."

"काटा कुठवर उतरतो?"

"पाऊण. परत येईपर्यंत पाऊणवर."

"मग?"

"मग काही नाही. मग गाडी चालेल तेवढंच जातं."

"पाऊणच्या खाली कधी असं भराभर गेलं?"

"कधीच नाही, अय्या."

सेतुराव हात पुसत दारात आले. रागाने त्यांचे कान लाल झाले होते. त्यांचा राग नेहमी कानांपासून सुरू होई. "ऐकलें का, वाध्यारे? असला कसला तुमचा चोर? दर खेपेला पाऊणला थांबतो! टाकींत चोराला लक्ष्मणरेषा दिसती काय?"

अध्यक्ष म्हणाले, "संशय येऊ नये म्हणून थोडं थोडं नेत असेल."

"अहो, चोराला भूक असती," सेतुराव म्हणाले. "उंची असती ती भोकाला. टाकीला पाऊण उंचीवर भोक आहे. इतकें कळायला मेकॅनिक नको, पातेलें बघितलेलें पुरतें."

मग त्यांनी गाडी दारात घेऊन टाकी पाण्याने धुतली, कोरडी पुसली, आणि शेजारच्या घरी जाऊन वाटीभर पीठ मागून आणलं. दारात कोलम, म्हणजे रांगोळी, काढायचं तांदळाचं पीठ. ती बाई मागोमाग आली. आपलं पीठ कुठल्या कोलमाला जातंय ते तिला बघायचं होतं. सेतुरावांनी फडक्याने ते पीठ हात पोचेल तिथवर टाकीवर थापलं. काळी टाकी लग्नघरच्या भिंतीसारखी पांढरी झाली. "जिथें डिझेल लागेल, तिथें पीठ काळें पडतें," ते म्हणाले. "मोठ्या कंपनींत याला मशीन असतें. पण पीठ बरें. पिठाला कोणाची भीड नसती."

टाकी काठोकाठ भरली. आम्ही वाट पाहिली. अर्धा तास, पाऊण तास, तास. पीठ पांढरंशुभ्र. शेजारीण कंटाळून गेली. सेल्वम टाकीसमोर उकिडवा बसून होता, पापणीही न हलवता. आपल्या नशिबाचा डाग कधी पडतो याची वाट पाहणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. अध्यक्षांनी अंगवस्त्र सारखं केलं. "सेतुराव, आमचा निर्णय योग्य होता, एवढं आपण लेखी द्याल?"

सेतुराव ओरडले नाहीत. "दमेकऱ्याला खुर्चींत बसवून तेचा दम मोजतां तुम्ही," ते म्हणाले. "चालवा जरा तेला. तंबी, चल. वाध्यारे, तुम्ही पण."

पुढे तिघांनाच जागा होती, म्हणून अध्यक्ष चिंचेखाली राहिले. सेल्वम चालवायला, मध्ये सेतुराव, खिडकीशी मी. तंजावूरहून तिरुवैयारूला जाताना नदीमागून नदी येते आणि प्रत्येक पुलाच्या सांध्यावर गाडी उसळते. सेतुराव डोळे मिटून बसले होते. वेट्टारच्या पुलावर ते म्हणाले, "ऐका." मला लॉरीचा हॉर्न ऐकू आला. कुडमुरुट्टीच्या पुलावर पुन्हा, "हें. डावीकडे. टक्."

"हो अय्या," सेल्वम म्हणाला. "हा आवाज पाटी लावल्यापासून आहे."

सेतुरावांनी डोळे उघडले. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं अय्या. पाटीबद्दल बोलू नकोस म्हणाले."

कोण म्हणाले ते त्याने सांगितलं नाही, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणणारा मी होतो. मला तो दिवस आठवत होता: मी सभेला निघालो होतो, घाई होती, आणि ड्रायव्हरने अध्यक्षांच्या पाटीवर मत द्यावं हे मला उगाच झंझट वाटलं होतं. 

परत आल्यावर सेतुरावांनी शेजारच्या घरातला हातआरसा मागवून पाटीच्या मागे धरला. टाकीच्या वरच्या खांद्यावर पीठ ओलं होऊन काळं पडलं होतं. तिथून एक पंखा पसरावा तसा डाग खाली, मागच्या चाकाकडे उतरला होता. ते स्पॅनर घेऊन पाटीकडे वळले, तसे अध्यक्ष बाकड्यावरून उठले.

"पाटीला हात लावायचा नाही! त्यावर समाजाच्या मान्यवरांची नावं आहेत."

"असें?" सेतुराव म्हणाले. "तर नांवें उतरवून घ्या. मी नुसता पत्रा काढतों."

पाटी निघाली. तिच्या पट्टीचा एक बोल्ट हवा त्यापेक्षा इंचभर लांब होता. गाडी उसळली की त्याचं टोक टाकीवर घासे. घासून घासून ते टोक चांदीसारखं चकाकत होतं आणि पत्र्याला मोहरीएवढं भोक पडलं होतं. गाडी उभी असली की तोच बोल्ट त्या भोकात बुचासारखा बसे. चालू लागली की बूच हले, डिझेल उडे, रस्त्यावर सांडे आणि उन्हात वाळून जाई. पातळी भोकाच्या खाली गेली की गळती बंद. गाडी घरी येई तेव्हा जमीन कोरडी. आमचे उपाध्यक्ष उगाच वाकले होते.

सेतुरावांनी सेल्वमचं मनगट धरून त्याचं बोट त्या बोल्टाच्या टोकावर ठेवलं. "हा घे तुझा चोर," ते तमिळमध्ये म्हणाले. "याला नीट बघून ठेव." सेल्वमने मान खाली घातली. रडला असावा, आम्ही दोघे मालक तेव्हा चिंचेकडे पाहत होतो.

एवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण समाज म्हटला की सभा आली. दोन दिवसांनी समिती जमली आणि अध्यक्षांनी तोंडी मजकूर सांगितला: टाकीत दोष आढळल्यामुळे ड्रायव्हर सेल्वम यास समाज उदार अंतःकरणाने क्षमा करीत असून पूर्ववत कामावर घेत आहे. पाटीचा उल्लेख नव्हता. बोल्टाचा तर नव्हताच. मी लिहिलं. सात सह्या झाल्या. मी वही काखेत मारून शेडवर गेलो, कारण टाकी गाडीतून काढून तिथे ठेवलेली होती आणि आठ दिवसांवर उत्सव होता.

"वाचा," सेतुराव म्हणाले. त्यांनाही देवनागरी येत नव्हती.

मी वाचलं. क्षमा शब्दाशी त्यांचे कान लाल झाले.

"परत वाचा तें."

परत वाचलं.

"क्षमा कशाची? चोरी केली असेल तर तेला पोलिसांत द्या. केली नसेल तर क्षमा तुम्ही मागा. न केलेल्या चोरीला क्षमा करणारे तुम्ही कोण? देव काय?" मग त्यांचा आवाज खाली आला, आणि तो मला जास्त लागला. "वाध्यारे, तुम्ही शिकलेले. हातानें हें लिहितांना हात थांबला नाहीं?"

मी म्हणालो, मी फक्त चिटणीस आहे, ठराव समितीचा आहे.

"होय की. भोक पण मणालें असतें, मी फक्त भोक आहे, बोल्ट दुसऱ्याचा."

टाकी त्यांनी नीट धुऊन, भोक झाळून बुजवून ठेवली होती. ती भिंतीशी उभी होती, तयार. ठरावातून तो शब्द जाईपर्यंत ती गाडीला लागणार नव्हती. मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, समाजाने आजवर एकही ठराव मागे घेतलेला नाही. दुसऱ्या कुणा मेकॅनिकला बोलवा. मी तीन ठिकाणी विचारलं. सेतुरावांच्या शेडमधली गाडी म्हटल्यावर तिघांनाही अचानक खूप काम होतं.

उत्सवाची पातेली त्या वर्षी ऑटोरिक्षांतून गेली. एका रिक्षात अध्यक्ष स्वतः सांबाराचं पातेलं पायांत धरून बसले होते. वेण्णारच्या पुलाच्या सांध्यावर ते पातेलं उसळलं. अध्यक्षांना भाजलं नाही, पण सांबार जरीच्या धोतरावर आलं, आणि ते सगळं ज्या शेडसमोर घडलं तिच्या दारात सेतुराव उभे होते.  त्यांनी आतून पाण्याची बादली आणून दिली.

त्याच आठवड्यात सभा झाली. चोरीचा ठराव आणि क्षमेचा ठराव, दोन्ही मागे. त्यांच्या जागी एक वाक्य: समितीने खोटा आरोप केला, त्याबद्दल समिती सेल्वमची माफी मागते. अध्यक्षांनी 'अनवधानाने' हा शब्द घालायला सांगितला. मी घातला नाही. माझ्या चिटणीसपणातलं हे एकमेव शौर्य, आणि तेही उशिरा केलेलं. सेतुरावांच्या हट्टावरून त्या वाक्याचं तमिळ करून, समाजाच्या कागदावर, शिक्क्यासह सेल्वमच्या हातात दिलं. सेतुराव त्याला म्हणाले, "मोठ्याने वाच." व्हॅन स्टँडवर, सोबत्यांसमोर. त्याने वाचलं. किती लिटर, हे त्यानंतर कुणी विचारलं नाही.

आमच्याकडे मात्र तो परत आला नाही. "राग नाही सार," तो म्हणाला, "पण आता गाडी चालवताना माझे डोळे रस्त्यावर नाही, काट्यावर राहतील." सेतुरावांनी एका शाळेत शब्द टाकला आणि तिथल्या व्हॅनची चावी त्याला मिळाली.

सेतुराव गेल्या वर्षी गेले. दोन दिवस छातीत दुखत होतं. डॉक्टरांकडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता. आपल्या छातीतला आवाज त्यांनी ऐकला कसा नाही, हे मला अजून कळलेलं नाही. की ऐकला, आणि हातातली गाडी पुरी करायची म्हणून बसले, ते तेच जाणोत.

समाजाने शोकसभा घेतली. दुपारी दोनला, कारण संध्याकाळी हॉल एका साखरपुड्याला दिला होता. फोटोला मोठा हार होता. अध्यक्ष पाऊण तास बोलले. सेतुराव हे समाजाचं भूषण होते, समाज सदैव त्यांच्या पाठीशी उभा राहिला, सत्यासाठी समाजाने त्यांच्या खांद्याला खांदा लावला, असं ते उजवा हात छातीशी धरून सांगत होते, आणि माझ्या कानांना आपोआप उष्णता चढत होती. पुढच्या रांगा माना डोलावत होत्या. मागच्या रांगेतून सेल्वम उठला, फोटोपाशी आला, दोन्ही हात जोडून थोडा वेळ उभा राहिला. अध्यक्ष थांबले. त्याला दोन शब्द बोलायचे आहेत असं समजून त्यांनी उदारपणे माइक त्याच्यापुढे केला.

सेल्वमने मान हलवून नाही म्हटलं आणि चप्पल घालायला दाराकडे गेला. शाळा साडेतीनला सुटते.